पायांनी म्हटलेली पावकी

मी घाबरलो की हसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझं हसू ऐन वेळी येऊन सगळा घोटाळा करणार होतं. लहानपणी गावच्या पंतोजींनी छडी उचलली की इतर पोरं रडत आणि मला हसू फुटे. त्यांना वाटे, कार्टं माजलंय. मग ते आणखी मारत, मी आणखी घाबरे, आणखी हसे. असं करता करता एक दिवस मी पाटी बाभळीखाली ठेवली आणि शाळेतून पळालो तो कायमचा. अक्षरं निम्मी आली होती, निम्मी पंतोजींकडेच राहिली.

आमचं गाव साताऱ्याच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. तिथून मी ठाण्याला कसा आलो, तर मामेभाऊ आगगाडीच्या रुळांवर कामाला होता, त्याच्या मागे आलो. पण इंजिनाने शिट्टी घातली की मी हातातलं काम टाकून हसत सुटे, म्हणून मुकादमाने मला घालवला. स्टेशनावर उपाशी बसलो असताना एका गृहस्थांनी ट्रंक उचलायला सांगितलं. ट्रंक तलावापलीकडच्या गल्लीतल्या सरकारी मराठी शाळेत पोचवली. ते त्या शाळेचे मोठे मास्तर होते. ट्रंक खाली ठेवून मी उभाच राहिलो. त्यांनी विचारलं, "काय रे, जायचं नाही का?" मी म्हणालो, "कुठं जाऊ?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग झाडू कोपऱ्यात आहे."

एवढ्यावर मी त्या शाळेचा शिपाई झालो. आज या वयात चार ओळी मला लिहिता येतात त्या त्यांच्यामुळे. शाळा सुटल्यावर ते मला उरलेली निम्मी अक्षरं शिकवत. मी हसलो तर थांबत, पाणी पीत, आणि म्हणत, "झालं का हसून? आता 'क्ष' काढ." त्या माणसाचे उपकार मी कशाने फेडणार होतो? म्हणून मी सतत भीत असे. शाळेचं काही बिघडलं की मला वाटे, माझ्यामुळेच. आणि बरेचदा ते खरंच माझ्यामुळेच बिघडलेलं असे.

आमच्या शाळेत मुलं होती ती सगळी पांढरपेशांची. कचेरीतल्या कारकुनांची, वकिलांची, भटजींची. तपासणीला आलेले डिप्टी साहेब एका वर्षी मोठ्या मास्तरांना म्हणाले, "या गावात मिठागरं आहेत, कोळीवाडा आहे, शेतं आहेत. तिथली मुलं काय आकाशात शिकतात?" साहेब गेल्यावर मोठ्या मास्तरांनी मला बोलावलं. "तू गावाकडचा आहेस. तुझं ती माणसं ऐकतील. जा, कोपरीच्या बाजूला जाऊन एखादं तरी मूल घेऊन ये."

आता मी गावाकडचा खरा, पण कुठल्या गावाकडचा! कोपरीत आगरी वस्तीत पाऊल टाकलं तर बायका तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "घाटी आयला गो, घाटी." मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "कला आयलास?" म्हणजे कशाला आलास. मी म्हणालो, "शाळेसाठी मूल पाहिजे." एक म्हातारी दाराआडून ओरडली, "आमची पोरं इकायला नाय ठेवली रं!"

शेवटी एक बाप तयार झाला. अंगाने काळा, आडवा, पायाची बोटं मिठाने फाटलेली. त्याला स्वतःला काही शिकायचं नव्हतं, पण मिठागराच्या मालकाचा मेहता दरवर्षी हिशोबाच्या वहीतून काहीतरी वाचून दाखवे आणि ह्याला ते पटत नसे. तो म्हणाला, "ने पोराला. पन आयक घाट्या. दिवालीनंतर आमी मिठाचं वाफं पायानं तुरवाया घेतो, तवा मना पोराचं पाय पायजेत. तुजा तो सायब येनार हाय ना? त्यानं पोराला पास केला तर राहूं दे शालंत. नाय केला तर त्याच दिशी मी पोराला घेऊन जानार. मग तू परत या दारात यायाचा नाय."

मी म्हणालो, "कबूल." आणि हसलो. त्याला वाटलं मी खूश झालो.

पोरगं आठ-नऊ वर्षांचं असेल. डोळे पाणीदार, केस मिठाच्या वाऱ्याने राठ. पहिल्या दिवशी मी त्याला बोट धरून नेलं. वर्गातल्या मुलांनी त्याच्या अंगाचा वास घेतला आणि दुपारपर्यंत त्याचं नाव 'खारा' पडलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्याने शेजारच्या वकिलाच्या मुलाचा वास घेतला आणि जाहीर केलं, "ह्या तुपाचा हाय." मग त्या मुलाचं नाव 'तूप' पडलं, आणि ते त्याला शाळा सुटेपर्यंत चिकटून राहिलं. त्यामुळे खाऱ्याला कोणी फारसं छळलं नाही. पुढचं नाव कोणाला काय पडेल याची सगळ्यांनाच धास्ती होती.

छळ होता तो दुय्यम मास्तरांचा. ते वाईट नव्हते. त्यांना नीटनेटकेपणाचं वेड होतं. मुलं रांगेत, मांडी घातलेली, हात मांडीवर, पाठ ताठ. त्यांच्या वर्गात माशी आली तरी भिंतीकडेने जाई असं मोठे मास्तर म्हणत. खारा आला आणि पहिल्याच दिवशी त्याने त्यांना 'तू' म्हटलं. "मास्तर, तू परत सांग, मना नाय समजला." दुय्यम मास्तर लाल झाले. मी धावत जाऊन सांगितलं की त्यांच्या वाड्यात सगळ्यांना तूच म्हणतात, बापालाही, देवालाही. ते म्हणाले, "देवाची गोष्ट वेगळी. देव सरकारी नोकरीत नाही."

'तू'वर तोड निघाली. तोड निघाली नाही ती त्याच्या पायांवर.

झालं असं की खाऱ्याला पाढे येत होते. घरापासून शाळेपर्यंत मी त्याला रोज म्हणायला लावी. बांधावरून चालता चालता तो 'बे एके बे'पासून पावकी-निमकीपर्यंत, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांपर्यंत, धाडधाड म्हणे. मी चाट पडे, कारण मला स्वतःला निमकीत अजून ठेच लागे. पण वर्गात मांडी घालून बसवला की तोंड उघडायचा नाही. दुय्यम मास्तर विचारत, "दोन पाव?" तो डोळे मोठे करून बघे. "दोन पाव किती?" ओठ हलत, आवाज नाही. "उभा राहा." उभा राही, आणि लगेच त्याचे पाय जागच्या जागी वर-खाली सुरू होत. डावा, उजवा, डावा, उजवा. आता तोंड उघडणार, एवढ्यात दुय्यम मास्तर ओरडत, "पाय स्थिर!" पाय थांबत, आणि तोंडही.

यात गुपित असं काही नव्हतं. मिठागरात पावसाळा संपला की वाफ्यांची जमीन तुडवून तुडवून कडक करावी लागते, नाहीतर खारं पाणी मुरून जातं आणि मीठ धरत नाही. बायका-पुरुष-पोरं ओळीने उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि गाण्याच्या ठेक्यावर चिखल तुडवत एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतात. खारा पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्या कानावर जे काही शब्द पडले ते पायांबरोबर पडले. त्याला पाय थांबवून काही म्हणायचं म्हणजे तुम्हा-आम्हाला श्वास थांबवून जेवायला सांगण्यासारखं.

हे मी दुय्यम मास्तरांना समजावायला गेलो. ते म्हणाले, "म्हणजे हा साहेबांसमोर नाचणार?"

"नाचणार नाही हो. तुडवणार."

"काय तुडवणार?"

यावर मी हसलो. त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं.

मग त्यांनी उपाय सुरू केले. खाऱ्याला दोन धिप्पाड मुलांच्या मध्ये बसवून त्यांना त्याचे गुडघे धरायला सांगितलं. गुडघे धरले तर खारा खांदे हलवू लागला, आणि त्याच्याबरोबर ती दोन मुलंही. तिघं मिळून एखाद्या होडीत बसल्यासारखी डुलू लागली. नंतर त्याच्या पायांवर पाटी ठेवून पाहिली. ती पडली आणि फुटली. मोठ्या मास्तरांनी एकदा दारातून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अहो, मुलाचं तोंड उघडायचंय, पाय बांधायचे नाहीत." दुय्यम मास्तर म्हणाले, "सर, शिस्त राहिली नाही तर साहेब आपल्याला ठेवणार नाहीत." तेही खोटं नव्हतं. त्यांच्या घरी म्हातारी आई होती आणि बदलीची भीती माझ्याइतकीच त्यांनाही होती. फक्त ते हसत नसत.

इकडे दिवाळी झाली. कोपरीत तुडवणी सुरू झाली. मी सकाळी खाऱ्याला आणायला जाई तेव्हा त्याचा बाप वाफ्यातून हाक मारी, "काय घाट्या, आला का सायब?" मी म्हणे, "येतोय." तो म्हणे, "बिगीनं येवं दे. तुरवाया पाय कमी परतात." खारा जाता-येता मागे वळून वाफ्याकडे बघे. एकदा मी विचारलं, "तुला कुठं बरं वाटतं रं, इथं का शाळेत?" त्याने टाचेने बांध दाबून पाहिला. म्हणाला, "शालंत पुस्तक हाय. पन जिमीन नाय."

याच सुमारास मी शाळेची जमीन बिघडवली.

पावसाळ्यात वर्गात पाणी शिरून जमीन उखडली होती. साहेब यायच्या आत ती नवी करायची होती. मोठे मास्तर म्हणाले, "येऊरच्या डोंगराच्या बाजूने तांबडी माती मागवून चांगली चोपून घे." तांबडी माती आणायची म्हणजे गाडी ठरवा, वाट बघा. आणि मला तर रोज कोपरीच्या वाटेवर खाडीच्या कडेला काळीभोर माती दिसत होती. लोण्यासारखी मऊ, तुकतुकीत. आमच्या कृष्णाकाठी काळी माती म्हणजे सोनं. असलं रान ज्याच्याकडे तो गावात ऐटीने चालतो. मी मनात म्हटलं, ही कोकणातली माणसं वेडी आहेत. दाराशी सोनं पडलंय आणि ही डोंगरावरून विटेचा चुरा आणतात. घरातली जमीन आमच्याकडे बायका करत, त्यामुळे ती कशी करतात हे मी कधी बघितलं नव्हतं. पण काळी माती, आणखी काय बघायचं?

मोठ्या मास्तरांना खूश करावं म्हणून मी न सांगता रविवारी दोन हमाल लावून ती खाडीची माती आणली, वर्गभर पसरली, चोपण्याने चोपली, वरून शेण सारवलं. सोमवारी सकाळी जमीन आरशासारखी दिसत होती. दुय्यम मास्तर पहिल्यांदा मला "छान" म्हणाले.

दुपारी जमिनीला घाम फुटला.

खाडीच्या मातीत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे कोपरीतलं पाळण्यातलं पोरही जाणतं. मी साताऱ्याचा! मुलं उठली तेव्हा प्रत्येकाच्या धोतरावर मागे एक काळा गोल. पाट्या जमिनीला चिकटल्या. आणि दुय्यम मास्तर खुर्चीवर बसून व्याकरण शिकवत होते, तर खुर्चीचे पाय हळूहळू जमिनीत जात होते. त्यांच्या ध्यानात आलं नाही. नामापासून सुरुवात केली तेव्हा ते मुलांच्या डोक्यांवरून बघत होते. विशेषणापर्यंत आले तेव्हा त्यांचे गुडघे छातीला लागले होते. तूप नावाच्या मुलाने हात वर करून विचारलं, "मास्तर, तुम्ही खाली का चाललात?"

मोठे मास्तर आले. त्यांनी जमिनीवर बोट टेकवलं, बोट जिभेला लावलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो. मोठमोठ्याने हसत होतो. मला वाटलं, संपलं. आता परत स्टेशनावर. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "झालं का हसून? आता हे वाळवायचं कसं ते बघ."

माती परत काढायची तर साहेब येईपर्यंत शाळाच बंद ठेवावी लागली असती. मी राख टाकली, कोंडा टाकला, जमीन सगळं खाऊन पुन्हा ओली. तिसऱ्या दिवशी सकाळी दुय्यम मास्तर दारात उभे राहूनच पाढे घेत होते, मुलं आत चुळबुळत उभी होती, बसायची कोणाची हिंमत नव्हती. आणि मी पाहिलं, खारा आपल्या पायांखाली बघतोय. त्याने टाच रुतवली, उचलली. परत रुतवली. मग त्याने शेजारच्या तुपाच्या खांद्यावर हात टाकला, जसं काही हे रोजचंच आहे, आणि म्हणाला, "चल रं. अशानं कवा सुकाचा? तुरव."

तूप म्हणाला, "कसं?"

"माज्यासारखा."

आणि ते दोघे तुडवू लागले. तिसरा जोडला गेला. मुलांना यापेक्षा आणखी काय पाहिजे? बघता बघता अख्खी ओळ खांद्यावर हात टाकून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे सरकू लागली, थप थप, थप थप. आणि त्या ठेक्यावर खाऱ्याचा आवाज निघाला. या वर्गात कोणी कधी न ऐकलेला आवाज, वाफ्यावर ओरडून घासलेला, लांब पोचणारा.

"एक पाव पाव! दोन पाव अर्धा! तीन पाव पाऊण! चार पाव एक!"

ओळ त्याच्या मागून म्हणू लागली. दुय्यम मास्तरांनी तोंड उघडलं, ओरडायला. पण शेजारच्या खोलीतून मोठे मास्तर येऊन त्यांच्या मागे उभे राहिले होते. ते हळूच म्हणाले, "म्हणू द्या. जमीनही होतेय आणि पावकीही होतेय."

"सर, ही शाळा आहे की कुंभारवाडा?"

"आज दोन्ही."

असं रोज चाललं. सकाळी तुडवणी आणि पाढे, मग तुडवणी आणि कविता. भूगोलाला मात्र जमेना, नद्यांच्या नावांना ठेका बसत नव्हता. ज्या मुलांना निमकीत ठेच लागे ती आता धडधडीत म्हणू लागली. मीही मागच्या ओळीत लागलो. माझीही निमकी तिथेच पक्की झाली हे लिहायला लाज वाटत नाही. जमीन मात्र अजून पुरती वाळली नव्हती. वरून कडक, खालून गादी.

आणि साहेब ठरल्या दिवसाच्या आधीच आले. कल्याणची शाळा तपासून सकाळच्या गाडीने थेट. त्यांचा चपराशी पुढे येऊन वर्दी देऊन गेला आणि आमची तारांबळ उडाली. दुय्यम मास्तर म्हणाले, "कल्याणच्या शाळेत म्हणे टाचणी पडली तर ऐकू आली. आणि इथे?" इथे थप थप चालू होतं. त्यांनी घाईघाईने हुकूम दिला, "शिपाई, फळ्या!" मी वखारीतून फळ्या उसन्या आणल्या, जमिनीवर टाकल्या, त्यांवर मुलांना ताठ उभं केलं. आता मुलांखालचा चिखल दिसत नव्हता. खाऱ्याने फळीवर टाच आपटून पाहिली. लाकूड बोललं. त्याचा चेहरा पडला.

आणि खिडकीबाहेर त्याचा बाप उभा होता. बरोबर आई, आणि तुडवणीची चार माणसं. साहेब आल्याची बातमी स्टेशनावरून कोपरीला माझ्या आधी पोचली होती. बाप म्हणाला, "घाट्या, मी थांबतंय इथंच. नापास झाला का लगेच नेनार."  आईने पोराकडे बघून डोळ्यांनी काहीतरी विचारलं, आणि त्याने मान खाली घातली.

साहेब आले. पुणेरी पागोटं, लांब अंगरखा, हातात काठी, चेहरा दह्यासारखा घट्ट. जोडे त्यांनी दाराशी काढले. त्यांना बसायला खुर्ची दिली, पण मोठ्या मास्तरांनी ती डोळ्यांनीच मला बाजूला घ्यायला लावली. साहेब म्हणाले, "मी उभाच राहतो." आणि मुलांसमोर येऊन उभे राहिले. आता गोष्ट अशी, की फळ्या मुलांपुरत्याच पुरल्या होत्या. साहेबांच्या पायांखाली फळी नव्हती, वरून वाळलेली दिसणारी जमीन होती.

तीन-चार मुलांना विचारून झालं. मग साहेब म्हणाले, "तुम्ही कळवलेला मिठागरातला तो मुलगा कोणता?"

खारा पुढे आला. फळीच्या टोकाला ताठ, पाय जुळलेले.

"पावकी म्हण."

 खरंच टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दुय्यम मास्तर ओठ हलवून सुचवत होते. मोठ्या मास्तरांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं होतं. खाऱ्याचे ओठ हलले, आवाज नाही. खिडकीत बापाने घसा खाकरला. मला माझी बाभूळ आठवली, तिच्याखाली ठेवलेली पाटी आठवली, आणि मला हसू आलं. ते मी दाबायला गेलो, तर ते नाकातून निघालं.

साहेब वळले. "कोण हसतंय?"

मोठे मास्तर पुढे झाले. "शिपाई आहे, साहेब. तो घाबरला की हसतो."

"आणि हा मुलगा?"

"हा, साहेब... हा पाय हलले की बोलतो."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "या शाळेत सरळ कोणी आहे की नाही?"

हे म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपले पाय गार लागताहेत. त्यांनी खाली बघितलं नाही, साहेबी थाट होता. फक्त डावा पाय उचलून थोडा बाजूला ठेवला. तो रुतला. मग उजवा उचलला. तोही रुतला. मग परत डावा. चेहरा तसाच दह्यासारखा, पण खाली अंगरख्याच्या घोळातून थप... थप... थप.

खाऱ्याचे डोळे त्या पायांवर गेले. ते खिळलेच. आणि त्याच्या घशातून आवाज निघाला, पहिल्यांदा बारीक, मग मोकळा.

"एक पाव पाव. दोन पाव अर्धा. तीन पाव पाऊण."

साहेब पाय बदलत होते, खारा म्हणत होता. साहेबांचे पाय जास्त रुतू लागले तसे ते भराभर उचलू लागले, तशी पावकी भराभर निघू लागली. दहा पाव अडीचपर्यंत दोघेही धापा टाकत पोचले. साहेब खूश होऊन म्हणाले, "वा! पुढे?" आणि ऐकायला म्हणून स्थिर उभे राहिले.

खारा थांबला.

"पुढे? अरे, पुढे म्हण."

गप्प. साहेब घोट्यापर्यंत रुतले, पाय उचलला. "अकरा पाव पावणेतीन." दुसरा उचलला. "बारा पाव तीन."

मग साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं. आपल्या काळ्या झालेल्या पायांकडे, मग त्या पोराच्या डोळ्यांकडे. आम्ही सगळे मेल्यासारखे उभे. साहेबांनी उजवा पाय उचलला आणि मुद्दाम हवेतच धरून ठेवला. काठीवर भार देऊन, पागोटं सावरत. खारा तोंड उघडून वाट बघत राहिला.  मग साहेबांनी पाय टेकवला.

"तेरा पाव सव्वातीन," खारा म्हणाला, सुटका झाल्यासारखा.

खिडकीतून बाप मोठ्याने म्हणाला, "सायब, तू बरा तुरवतोस! ये वाफ्यावर!"

दुय्यम मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं दही आधी हललं, मग फुटलं. ते इतके हसले की काठी पडली. मी भीतीने हसत होतो, ते गमतीने, कोण कशाने हसतंय हे कोणालाच कळेना. मग त्यांनी साडेतिनाची औटकी विचारली, सव्वाची सवायकी विचारली, स्वतः पाय हलवत. खारा कुठेच अडखळला नाही. शेवटी साहेब दारापाशी जाऊन पाय धुता धुता मोठ्या मास्तरांना म्हणाले, "मुलगा पास. आणि त्याला बसवून ठेवू नका. उभा राहतो तर राहू दे, हलतो तर हलू दे. पाढे आले पाहिजेत, पाय कोणाचे कुठे असावेत हे सरकारने अजून ठरवलेलं नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तू. माती तांबडी आण."

मी म्हणालो, "होय साहेब," आणि हसलो. ते हसू कुठलं होतं ते माझं मलाही कळलं नाही.

बाप खिडकीपासून निघून गेला. काही न बोलता. आई जाताना मला एवढंच म्हणाली, "घाटी, पोरास जरा उनात बसीव, पाय गार परतात."

त्या रात्री मला झोप लागेना. मनात म्हटलं, पास झाला खरा, पण बाप काही बोलला का नाही? शब्द फिरवला तर? तुडवणीला माणसं कमी होती. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर कोपरीला निघालो. वाफ्यात ओळ लागली होती, थप थप चालू होतं. लांबून मला ओळीतले पाय मोजता येत नव्हते, पण लहान पाय कुठे आहेत ते मी शोधत होतो. माझं हसू गळ्यापर्यंत आलं होतं. जवळ गेलो तर बायका गात होत्या आणि गाणं कानाला ओळखीचं वाटलं. नीट ऐकलं. "पाच पाव सव्वा गो! सहा पाव दीड गो!"

बापाने ओळीतूनच मला बघितलं आणि करवादला, "बग, तुज्या शालंनं काय केला! आमचं देवीचं गाणं सगल्या बाया इसरल्या. पोरगा काल रातभर यांना शिकवत व्हता."

"पोरगं कुठं आहे?"

"मना काय इचारतस? तुज्यापरीस आधी गेला नाय काय? तू वाटंत झोपलास?"

मी तसाच उलटा पळालो. बांधावरून, रूळ ओलांडून, तलावाच्या कडेने. शाळेचं दार अजून बंद होतं, किल्ली माझ्याच कमरेला होती. खारा पायरीवर पाटी मांडीवर घेऊन बसला होता, टाच दगडावर आपटत. मला बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "घाटी, तू कवा येनार? मी कवाचा बसलंय. दार उघर ना!"